एक नंबर लाइनचं शेवटचं स्टेशन

न्यूयॉर्कला जाणाऱ्यांची यादी बहुधा ठरलेली असते. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर, एम्पायर स्टेट बिल्डिंग, सेंट्रल पार्क. तुमचा मुलगा, भाची किंवा मैत्रीण तिकडे राहत असेल, तर तुमच्यासाठीही अशी यादी तयार असेल. ती जरूर पूर्ण करा. पण त्यातून एक दिवस वाचवता आला, तर सबवेची एक नंबरची गाडी पकडा आणि मध्ये कुठेही न उतरता शेवटच्या स्टेशनापर्यंत जा. तिथे व्हॅन कोर्टलँट पार्क आहे.

या पार्कला तिकीट नाही, रांग नाही आणि सेल्फीसाठी गर्दीही नाही. आहे ते मोठं मैदान, जंगल, तळं, जुना वाडा आणि क्रिकेट. हो, क्रिकेट! दोन-तीन वर्षांपूर्वी भारत-पाकिस्तान सामना याच मैदानावर व्हायचं घाटत होतं. तो इथे का झाला नाही, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. न्यूयॉर्कला कधी जाणं होणार नसेल, तरीही ऐका. मोकळं मैदान मोकळं राहावं म्हणून काय काय करावं लागतं, ते या एका पार्कच्या इतिहासात दिसतं.

आधी प्रवास

एक नंबरची लाइन नकाशावर लाल रंगात दाखवलेली असते. ती मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला, साउथ फेरी इथून सुटते. स्टॅटन आयलंडला जाणारी मोफत फेरीबोटही इथूनच निघते. तिच्यातून स्वातंत्र्यदेवीचा पुतळा लांबून दिसतो, तेव्हा सकाळी आधी ती फेरी करून मग गाडी पकडता येते. शेवटपर्यंत एकूण ३८ स्टेशनं आणि वेळ साधारण तासाभराचा. तिकीट कुठेही उतरलात तरी एकच, सुमारे ३ डॉलर. वेगळं कार्ड घ्यायची गरज नाही, चालणारं बँक कार्ड किंवा फोन गेटवर टेकवला की झालं.

गाडीत बसलात की स्टेशनांच्या नावांकडे लक्ष ठेवा. सुरुवातीलाच ‘डब्ल्यूटीसी कोर्टलँट’ येतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात हे स्टेशन ढिगाऱ्याखाली गेलं होतं आणि ते थेट २०१८ मध्ये पुन्हा सुरू झालं. त्यातलं ‘कोर्टलँट’ हे जुन्या डच घराण्याचं नाव. तुम्ही जिथे चालला आहात, त्या पार्कलाही याच घराण्याचं नाव आहे. म्हणजे हे नाव लाइनीच्या दोन्ही टोकांना भेटतं.

मराठी माणसाने पुढचं एक नाव चुकवू नये. ‘११६ स्ट्रीट, कोलंबिया युनिव्हर्सिटी’. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात इथे शिकले. तेव्हा हे स्टेशन होतंच, कारण न्यूयॉर्कची पहिली सबवे २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झाली, ती याच मार्गावरून. वाटल्यास उतरा, विद्यापीठाच्या आवारात एक चक्कर मारा आणि पुढची गाडी धरा.

११६ सोडलं की डोळे मिटू नका. बोगद्यातली गाडी एकदम उजेडात येते आणि उंच लोखंडी पुलावरून दरी ओलांडते. खरं तर ती उंच चढत नाही. खालची जमीनच खोल गेलेली असते आणि रूळ आपल्या पातळीवर सरळ चाललेले असतात. हे १२५ स्ट्रीट. थोड्याच वेळात गाडी पुन्हा बोगद्यात शिरते. पुढची १६८, १८१ आणि १९१ स्ट्रीट ही स्टेशनं इतकी खोल आहेत, की वर यायला लिफ्ट घ्यावी लागते. इथेही गाडी खाली गेलेली नसते, वरती टेकडी आलेली असते. भूगोलाच्या पुस्तकात न कळलेली गोष्ट मुलांना इथे खिडकीत बसून कळते.

डायकमन स्ट्रीटला गाडी जी बाहेर येते, ती मग शेवटपर्यंत उघड्यावरच राहते. एक जलमार्ग ओलांडला की मार्बल हिल येतं. हा भाग पूर्वी मॅनहॅटन बेटाला जोडलेला होता. १८९५ मध्ये जहाजांसाठी कालवा खोदला आणि तो बेटापासून तुटला. पुढे दुसऱ्या बाजूची जुनी खाडी बुजवली, तेव्हा तो ब्रॉन्क्सच्या जमिनीला चिकटला. कागदोपत्री मात्र तो आजही मॅनहॅटनमध्येच आहे. सरकारी कागद आणि जमीन यांचं जुळत नाही, हे आपल्याला काही नवीन नाही!

त्यानंतर २३१, २३८ आणि मग शेवटचं स्टेशन, ‘व्हॅन कोर्टलँट पार्क, २४२ स्ट्रीट’. १९०८ सालचं, रस्त्याच्या वर उंचावर बांधलेलं हे जुन्या धाटणीचं स्टेशन आहे. जिने उतरलात की समोर ब्रॉडवे. हो, नाटकांसाठी प्रसिद्ध असलेला तोच रस्ता, इथपर्यंत येऊन पोहोचलेला. तो ओलांडला की पार्क सुरू.

केवढं मोठं?

या पार्कचं क्षेत्रफळ १,१४६ एकर आहे. जगप्रसिद्ध सेंट्रल पार्क ८४३ एकरांचं. मुंबईच्या शिवाजी पार्कशी तुलना केली, तर तशी चाळीस मैदानं यात मावतील. तरीही न्यूयॉर्कच्या पार्कांमध्ये याचा नंबर तिसरा लागतो.

एवढी जमीन कशी राहिली, हे विचारायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रॉन्क्स म्हणजे शेतं, वाड्या आणि छोटी गावं. शहर वेगाने उत्तरेकडे सरकत होतं. जॉन मुलाली नावाच्या एका पत्रकाराने तेव्हा मोहीम उघडली. शहर इथवर यायच्या आत जमीन घेऊन ठेवा, नंतर ती परवडणार नाही, असा त्याचा आग्रह होता. इतक्या लांबच्या रानावर पैसा कशाला उधळायचा, म्हणून विरोधही झाला. शेवटी १८८४ मध्ये कायदा झाला आणि १८८८ मध्ये ही जमीन शहराच्या ताब्यात आली. स्टेशन आलं ते त्यानंतर वीस वर्षांनी. इथे आधी पार्क राखून ठेवलं आणि मग गाडी आणली. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

रविवारचं मैदान

ब्रॉडवेच्या बाजूने आत शिरलात की समोर भलंमोठं सपाट मैदान दिसतं. त्याचं नाव परेड ग्राउंड. पूर्वी इथे सैनिकांच्या कवायती होत. आता उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे क्रिकेट चालतं, आणि एकाच वेळी अनेक सामने. याच्या सीमारेषेपलीकडे त्याचा डीप मिडविकेट उभा. मुंबईचं आझाद मैदान किंवा ओव्हल मैदान पाहिलेल्याला हे दृश्य अजिबात परकं वाटणार नाही.

खेळणारे कोण, तर जमैका, बार्बाडोस, गयाना, त्रिनिदादची माणसं, आणि आपल्याकडची भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंकेची. गयानाच्या खेळाडूंमध्ये भारतीय वळणाची नावं ऐकू आली तर नवल वाटून घेऊ नका. १८३८ पासून उत्तर प्रदेश-बिहारकडचे हजारो मजूर करार करून तिथल्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले. आपण त्यांना गिरमिटिया म्हणतो. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी क्रिकेट उचललं, आणि पुढे न्यूयॉर्कला स्थायिक होताना ते सोबत नेलं. म्हणजे मैदानावर जे ओळखीचं वाटतं, त्यामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा प्रवास आहे.

कडेला गवतावर बसा. कुणी स्कोअर विचारला, तर तुम्हीही विचारा. क्रिकेटमध्ये ओळख करून घ्यायला एवढं पुरतं.

जे स्टेडियम झालं नाही

२०२४ चा टी-ट्वेंटी विश्वचषक अमेरिका आणि वेस्ट इंडिजमध्ये भरणार होता. न्यूयॉर्कमधल्या सामन्यांसाठी मोठं मैदान हवं होतं, आणि क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची नजर या परेड ग्राउंडवर गेली. सुमारे ३४ हजार प्रेक्षकांचं तात्पुरतं स्टेडियम इथे उभारायचं आणि स्पर्धा संपली की काढून न्यायचं, असा बेत होता. महापौरांचा पाठिंबा होता. ब्रॉन्क्सचं नाव जगभर जाईल, आपला खेळ अमेरिकेला कळेल, असं वाटणारेही होते.

तुम्ही म्हणाल, मग क्रिकेटवेड्यांना आनंदच झाला असेल. पण विरोधाच्या पहिल्या आवाजांत इथे दर आठवड्याला खेळणारे क्रिकेटपटूच होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. स्टेडियम बांधायला आणि काढायला महिने लागणार. तेवढा काळ आम्ही खेळायचं कुठे? आणि अवजड यंत्रं फिरल्यावर मैदान पूर्वीसारखं होईल, याची हमी काय? पार्कसाठी काम करणाऱ्या संस्था आणि आसपासचे रहिवासीही पुढे आले.

त्यांच्या मागे एक जुना निकालही उभा होता. तो कुठून आला, ते पुढे सांगते. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये सामने शहराबाहेर, लाँग आयलंडवरच्या आयझेनहॉवर पार्कमध्ये होणार असं जाहीर झालं. तिथे तात्पुरतं स्टेडियम उभं राहिलं आणि ९ जून २०२४ रोजी तिथेच भारत-पाकिस्तान सामना झाला. भारताच्या ११९ धावा, पाकिस्तानच्या ७ बाद ११३, आपण सहा धावांनी जिंकलो. बुमराहचे ते तीन बळी तुम्हाला आठवत असतील. स्पर्धा संपल्यावर ते स्टेडियम काढून टाकलं गेलं.

त्या उन्हाळ्यात व्हॅन कोर्टलँट पार्कमध्ये काय झालं? रविवारचे सामने झाले, नेहमीसारखे. टीव्हीवर ते दिसले नाहीत एवढंच.

नळाचं पाणी आणि पार्कचा कायदा

आता तो जुना निकाल. १९९०च्या दशकात न्यूयॉर्क शहरावर क्रोटन धरणांकडून येणारं पाणी गाळून, शुद्ध करून देण्याचं बंधन आलं. त्यासाठी अवाढव्य शुद्धीकरण केंद्र बांधायचं होतं. शहराने जागा निवडली ती याच पार्कमधली, मोशोलू गोल्फ कोर्सच्या खालची. केंद्र जमिनीखाली असेल, वर पुन्हा हिरवळ लावू, मग अडचण काय, असा शहराचा युक्तिवाद होता.

रहिवासी आणि पार्कची मित्रमंडळी कोर्टात गेली. फेब्रुवारी २००१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पार्क ही जनतेची ठेव आहे. बांधकाम जमिनीखाली असलं आणि नंतर हिरवळ परत येणार असली, तरी काही वर्षं लोकांना ती जागा वापरता येणार नाही. म्हणून शहराला हे एकट्याने ठरवता येणार नाही, राज्याच्या विधिमंडळाची परवानगी लागेल.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण २००३ मध्ये विधिमंडळाने परवानगी दिली आणि केंद्र बांधलं गेलं. ते २०१५ मध्ये सुरू झालं, खर्च ३ अब्ज डॉलरच्या वर गेला. आज त्याच्या छतावर गोल्फचा सराव चालतो. बदल्यात ब्रॉन्क्समधल्या पार्कांच्या सुधारणेसाठी २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम ठरली.

मग लढून मिळालं काय? शहराला शुद्ध पाणी मिळालं, तेही गरजेचंच होतं. पण ‘आम्ही ठरवलं, तुम्ही बाजूला व्हा’ एवढ्यावर काम भागलं नाही. उघड चर्चा करावी लागली, मतदान घ्यावं लागलं, मोबदला द्यावा लागला. आणि नियम पक्का झाला. बावीस वर्षांनी क्रिकेटच्या स्टेडियमचा प्रश्न आला, तेव्हा ‘तात्पुरतंच आहे हो’ हे उत्तर पुरेसं ठरत नाही, हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

वाडा, तळं आणि ज्यांची नावं नव्हती

मैदानाच्या दक्षिणेला १७४८ चा दगडी वाडा आहे. ब्रॉन्क्समधलं हे सर्वांत जुनं घर समजलं जातं. फ्रेडरिक व्हॅन कोर्टलँटने तो बांधायला घेतला. खिडक्यांच्या कमानींवर कोरलेले चित्रविचित्र चेहरे आहेत. मुलं बरोबर असतील तर ते मोजायला सांगा, पाच मिनिटं शांतता मिळेल. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टन इथे राहून गेले. १८९७ पासून इथे संग्रहालय आहे.

वाड्यामागच्या वाटेने व्हॉल्ट हिल या टेकडीवर जाता येतं. दगडी भिंतीच्या आत या घराण्याचं दफनस्थान आहे. १७७६ मध्ये ब्रिटिश फौज शहरावर चालून येत होती, तेव्हा शहराची कागदपत्रं इथे लपवून ठेवली होती. शहराचा कारकून याच घराण्यातला, ऑगस्टस व्हॅन कोर्टलँट. आपली माणसं जिथे पुरली, तिथेच त्याने शहराचं दप्तर ठेवलं.

आता खाली तळ्याकडे या. ते फार सुंदर आहे. पाण्यावर बदकं, कडेला पांढरे बगळे, वर घिरट्या घालणारा ससाणा. पण हे तळं निसर्गाने केलेलं नाही. सन १७०० च्या सुमारास टिबेट्स नावाचा ओढा अडवून, धान्य दळायच्या आणि लाकूड कापायच्या गिरण्यांसाठी ते तयार केलं गेलं. या जमिनीवर राबणाऱ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. पिढ्यान् पिढ्या त्यांनी इथे गहू पिकवला, दळला, घर चालवलं. पिएरो नावाचा गिरणीवाला त्यांच्यापैकीच एक. त्याचं नाव आपल्याला कळतं, ते मालकाच्या मृत्युपत्रात मालमत्तेच्या यादीत आलं म्हणून. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८२७ मध्ये.

तळ्याजवळ या गुलामांचं दफनस्थान आहे. १८७०च्या दशकात रेल्वेचं काम चालू असताना इथे माणसांची हाडं सापडली होती. तरीही पुढची कित्येक दशकं तिथे साधी पाटी नव्हती. ती अलीकडच्या वर्षांत लागली. टेकडीवर मालकांचं भिंतीच्या आतलं दफनस्थान आणि खाली मजुरांची ही जागा, दोन्ही एकाच फेरीत पाहून होतात. घाई करू नका. मुलांनी प्रश्न विचारले तर उत्तरं द्या.

पार्कच्या ईशान्य कोपऱ्यात अजून एक दगडी स्मारक आहे. ३१ ऑगस्ट १७७८ रोजी इथे स्टॉकब्रिज तुकडीतले मूळनिवासी योद्धे ब्रिटिशांशी लढताना मारले गेले. त्यांत डॅनियल निनहॅम हे वॉपिंगर जमातीचे प्रमुख आणि त्यांचा मुलगाही होता. हेच निनहॅम १७६६ मध्ये आपल्या लोकांची बळकावलेली जमीन परत मागायला समुद्र ओलांडून थेट लंडनला गेले होते. जमीन परत मिळाली नाही. पुढे ज्या नव्या देशासाठी ते लढले, त्या देशानेही ती त्यांच्या लोकांना दिली नाही. पार्कची जमीन आज सर्वांची आहे हे खरं, पण ‘सर्वांची’ होण्याआधी ती कुणाकडून कुणाकडे गेली, तेही इथे चालताना कळतं.

गटारात गेलेला ओढा

तळ्याच्या दक्षिण टोकाला टिबेट्स ओढा दिसेनासा होतो. शंभरेक वर्षांपूर्वी तो जमिनीखालच्या गटारात सोडला गेला आणि वर वस्ती उठली. तेव्हापासून त्याचं स्वच्छ पाणी सांडपाण्यात मिसळून लांबच्या शुद्धीकरण केंद्रात जातं. कोरड्या दिवशीही रोज दीड-दोन कोटी लिटर. जोराचा पाऊस झाला, की गटारं भरून वाहतात आणि मैलायुक्त पाणी नदीत जातं. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसाने तर पार्कशेजारच्या मेजर डीगन महामार्गाचीच नदी झाली. गाड्या आणि ट्रक पाण्यात अडकून पडले.

आपल्याकडे ओढे-नाले बुजवून वर सोसायट्या उभ्या राहिल्यावर काय होतं, हे कुठल्याही शहरातल्या माणसाला सांगायला नको. फरक इतकाच, की इथे ओढा परत वर आणायचं ठरलं आहे. त्यासाठी शहराने २०२३ मध्ये एका बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची सव्वाचार एकरांची पट्टी सुमारे १ कोटी १२ लाख डॉलरला विकत घेण्याचा करार केला. त्या पट्टीतून ओढा पुन्हा उघड्यावर वाहील आणि शेजारून चालायची वाट असेल. बुजवलेली गोष्ट उकरून काढणं किती महाग पडतं, याचा हा चोख हिशेब आहे.

चालायच्या वाटा

याच रेल्वेमार्गाचा पार्कमधला भाग आज ‘पटनम ट्रेल’ नावाची सपाट पायवाट आहे. इथून प्रवासी गाड्या १९५८ पर्यंत धावत. वाट तळ्याच्या कडेने जाते. गुडघे कुरकुरत असतील, तर हीच निवडा. वाटेत झाडीत रांगेने उभे असलेले तेरा दगडी खांब दिसतील. ते मंदिराचे अवशेष नाहीत! ग्रँड सेंट्रल हे प्रसिद्ध रेल्वे स्थानक बांधताना कुठला दगड हवापाण्यात टिकतो, हे पाहायला वेगवेगळ्या दगडांचे नमुने इथे उभे करून ठेवले होते. शेवटी इंडियाना राज्यातला चुनखडीचा दगड निवडला गेला. नापास झालेले खांब अजून इथेच उभे आहेत.

थोडा चढ चालणार असेल, तर ‘ओल्ड क्रोटन’ची वाट धरा. या वाटेखाली १८४२ चा जलमार्ग आहे. क्रोटन नदीचं पाणी ६६ किलोमीटरवरून मॅनहॅटनपर्यंत यायचं, पंपाशिवाय. दर मैलाला जेमतेम तेरा इंचांचा उतार, एवढ्या जोरावर. उन्हाळ्यात या वाटेवर दाट सावली असते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ओक, हिकरी आणि स्वीटगमची पानं लाल, पिवळी, तपकिरी होतात. शक्य असेल तर तेव्हाच जा.

चालताना एक घरघर सतत कानावर येईल. ती महामार्गांची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या पार्कमधून एकामागून एक तीन मोठे रस्ते काढले गेले. दलदलीची जमीन गेली, जंगलाचे तुकडे झाले. तेव्हा अडवायला २००१ चा निकाल नव्हता. आज एका भागातून दुसऱ्या भागात जायचं, तर पूल किंवा भुयारी वाट शोधावी लागते. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या.

जाण्याआधी एवढं बघा

* क्रिकेट पाहायचं असेल तर मे ते सप्टेंबरमधला शनिवार किंवा रविवार निवडा. रंगीत पानं हवी असतील तर ऑक्टोबर. हिवाळ्यात बर्फ साचतं, तेव्हा बुटांना पकड हवी.
* उन्हाळ्यात गवतात गोचीड असते. पूर्ण पँट आणि मोजे घाला, परत आल्यावर पाय आणि मान तपासा. मुलांचीही.
* वाड्याचं संग्रहालय रोज उघडं नसतं. दिवस आणि वेळ पाहूनच निघा.
* पाण्याची बाटली आणि डबा बरोबर न्या. गवतावर चादर पसरून पोळी-भाजी खाल्ली तर कुणी बघत नाही. स्टेशनाजवळ ब्रॉडवेवर पिझ्झा आणि कॉफी मिळते.
* शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी सबवेचं वेळापत्रक बदलतं. फोनवर पाहून घ्या.
* पार्कच्या दुसऱ्या कडेजवळ चार नंबरच्या लाइनचंही शेवटचं स्टेशन आहे, वुडलॉन. पायात जोर असेल तर एकाने जा आणि दुसऱ्याने परत या.
* देशातलं पहिलं सार्वजनिक गोल्फ कोर्सही इथेच आहे, १८९५ चं. खेळत नसाल, तर चेंडूंपासून जरा लांबून चाला.

आणि तुमच्या शहरात?

कोलकात्यात १९८४ मध्ये मेट्रो आली, दिल्लीत २००२ मध्ये. आता बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नई, मुंबई, नागपूर, पुणे, सगळीकडे लाइनी वाढताहेत. लाइनीच्या टोकाला अजून थोडी मोकळी जमीन शिल्लक असते. स्टेशनाची घोषणा झाली की तिचे भाव चढतात, आणि स्टेशन सुरू होईपर्यंत ती जागा ओळखू येत नाही. मुलालीने १८८० च्या दशकात जे सांगितलं, ते एवढंच होतं: गाडी पोहोचायच्या आत जागा राखा.

न्यूयॉर्क फार दूर आहे, पण तुमच्या लाइनीचं शेवटचं स्टेशन तिकिटाच्या अंतरावर आहे. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन तिथपर्यंत जा. आजूबाजूला मैदान, तळं, टेकडी काही आहे का, ते बघा. मुलं खेळत असतील तर थोडा वेळ थांबून सामना पाहा. आणि घरी परतण्याआधी कुणाला तरी विचारून घ्या, की या जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे.